कढईतले तेल

मुलांनो, 'तेल' हा शब्द तुम्हांला मराठी शिकण्यापूर्वीच माहीत होता. उर्दूतही तेल आणि मराठीतही तेल. पण या शब्दाचे मूळ कोठे आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? संस्कृत भाषेत तिळाला 'तिल' म्हणतात. तिळापासून जे निघते ते 'तैल'. त्याचेच पुढे तेल झाले. म्हणजे आरंभी तेल हे फक्त तिळाचेच होते. नंतर शेंगदाणा, मोहरी, करडई, खोबरे अशा कशातूनही निघणाऱ्या स्निग्ध रसाला आपण तेल म्हणू लागलो. स्निग्ध म्हणजे तुमच्या भाषेत चिकना. चिकनाईला मराठीत 'स्निग्धता' म्हणतात.

हे तेल रोज आपल्या पोटात जाते. सकाळच्या पोह्यांत, दुपारच्या भाजीत, रात्रीच्या सालनात ते असतेच. तरीही त्याच्याविषयी आपण फारसा विचार करत नाही. मीही करत नव्हते. तो विचार मला कसा करावा लागला, ते आधी सांगते.

माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील एका लहान गावात गेले. रमजानचा महिना आला की असरच्या नमाजानंतर आमच्या स्वयंपाकघरात मोठी लोखंडी कढई चुलीवर चढत असे. कांदाभजी, बटाट्याची भजी, समोसे असे काही ना काही रोज तळले जाई. इफ्तार झाल्यावर कढईत उरलेले तेल अम्मी एका जुन्या पितळी डब्यात ओतून ठेवत असे. दुसऱ्या दिवशी तेच तेल पुन्हा कढईत जाई. कमी पडले तर वरून थोडे नवे तेल घालायचे. असे करता करता महिन्याच्या मध्यापर्यंत ते तेल काळपट आणि दाट होई. त्यावर फेस येई. घरभर उग्र वास पसरे. पण ते फेकावे असे कोणाच्या मनातही येत नसे. तेल महाग होते. शिवाय नानी म्हणायची, "बेटा, रिज्क वाया घालवू नये." नानीचे म्हणणे खोटे नव्हते.

मी दहावीत असताना एके दिवशी अब्बांच्या छातीत दुखू लागले. त्यांना सोलापूरला न्यावे लागले. चार दिवसांनी त्यांना बरे वाटले, तेव्हा डॉक्टरांनी अम्मीला विचारले, "भाभी, तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागते?"

अम्मी गोंधळली. म्हणाली, "साहेब, संपले की आणतो. मोजले नाही कधी."

डॉक्टर म्हणाले, "हा आजार एकाच कारणाने होत नाही. तंबाखू आहे, बैठे काम आहे, रक्तदाब आहे. त्यात खाणेही आहे. एकट्या तेलाला दोष देऊ नका. पण आजपासून तेलाकडे लक्ष द्या. ते तुमच्या हातात आहे."

"ते तुमच्या हातात आहे," हे वाक्य मी विसरले नाही. पुढे मी शिक्षिका झाले. विज्ञानाची पुस्तके वाचली. तेव्हा कळले की तेलाच्या बाबतीत तीन प्रश्न विचारायचे असतात. तेल कोणते? ते तापवले कसे? आणि खाल्ले किती? या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. तेल हा आपला शत्रू नाही. शरीराला स्निग्ध पदार्थांची गरज असते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांतच विरघळतात. गाजर किंवा पालक यांतून मिळणारे 'अ' जीवनसत्त्व शरीरात नीट शोषले जावे, म्हणून भाजीला थोडी फोडणी हवीच. ज्याला आपण घरी बघार म्हणतो, तीच ही फोडणी. याशिवाय काही मेदाम्ले अशी आहेत की ती आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणून तेल पूर्ण बंद करणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु तेलात ऊर्जाही फार असते. एक ग्रॅम पिठूळ पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम तेलापासून मिळते ९ किलोकॅलरी. म्हणजे दुपटीहून अधिक. शेतात राबणारा माणूस ती खर्च करतो. दिवसभर दुकानात बसणारा करत नाही. खर्च न झालेली ऊर्जा शरीरात चरबी होऊन साठते.

आता पहिला प्रश्न घेऊ. तेल कोणते?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठलेली तुम्ही पाहिली असेल. त्याच फळीवर ठेवलेले शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच राहते. असे का होते? प्रत्येक तेल मेदाम्लांच्या साखळ्यांनी बनलेले असते. या साखळ्या कार्बनच्या अणूंच्या असतात आणि त्यांना हायड्रोजनचे अणू जोडलेले असतात. ज्या साखळीत हायड्रोजनला आणखी जागाच उरलेली नसते, तिला संपृक्त मेदाम्ल म्हणतात. संपृक्त म्हणजे पूर्ण भरलेले. अशा साखळ्या सरळ असतात. त्या लाकडाच्या मोळीप्रमाणे एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून असा स्निग्ध पदार्थ थंडीत घट्ट होतो. ज्या साखळीत एक किंवा अनेक जागा रिकाम्या असतात, तिला असंपृक्त मेदाम्ल म्हणतात. अशी साखळी मध्येच वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. तसेच हे तेल पातळ राहते. एक जागा रिकामी असेल तर ते एकअसंपृक्त आणि अनेक असतील तर बहुअसंपृक्त.

खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. तुपात ती साठ टक्क्यांच्या आसपास आणि पामतेलात जवळजवळ निम्मी असतात. संपृक्त मेद फार खाल्ला तर रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते. ते रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस साचत जाते आणि वाट अरुंद होते. म्हणून असे पदार्थ बेताने खावेत आणि रोजच्या वापरात असंपृक्त तेलांना जास्त जागा द्यावी, असे आहारशास्त्र सांगते.

अशी तेले शोधायला फार दूर जायला नको. आपल्या राज्यातच त्यांची केवढी विविधता आहे! सोलापूर आणि मराठवाड्यात करडई पिकते. करडईचे झाड काटेरी असते. त्याचे काटे उन्हात टोचतात, म्हणून शेतकरी पहाटे, हवेत ओलावा असताना त्याची काढणी करतात. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि बियांचे तेल निघते. हे तेल बहुअसंपृक्त आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश यांना शेंगदाण्याच्या तेलाची सवय आहे. मूंगफलीच्या या तेलात एकअसंपृक्त मेदाम्ल सर्वांत जास्त असते. विदर्भात जवस, म्हणजे अलसी, पूर्वीपासून खाल्ली जाते. नाशिक, धुळे, नंदुरबारच्या डोंगराळ भागात खुरासणी किंवा कारळे पिकतात. त्यांचे तेलही काढतात आणि चटणीही करतात. कोकणात खोबरे आहे. तीळ तर सगळीकडेच आहेत. तिळाच्या तेलातील नैसर्गिक द्रव्यांमुळे ते लवकर खवट होत नाही.

यांत जवसाची गोष्ट वेगळी आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल आहे. ते शरीरात तयार होत नाही आणि आपल्या रोजच्या इतर तेलांत फारसे नसते. पण हे तेल उष्णतेने, उजेडाने आणि हवेने लवकर बिघडते. म्हणून ते तळणासाठी वापरू नये. आपल्याकडील जुन्या बायकांनी याचा सोपा मार्ग काढला आहे. जवस हलके भाजायचे, लसूण आणि मिरची घालून कुटायचे आणि भाकरीबरोबर चटणी खायची. तेलाची बाटलीही नको आणि खर्चही थोडा.

काही मुले मला विचारतात, "बाई, जैतूनचे तेल सर्वांत चांगले ना?" जैतूनचे तेल चांगले आहे, यात शंका नाही. कुरआन शरीफात जैतूनचा उल्लेख आहे, म्हणून आपल्याला त्याविषयी आदरही वाटतो. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक हजारो वर्षांपासून ते खात आले आहेत. त्यात एकअसंपृक्त मेदाम्ल भरपूर असते. परंतु ते त्या प्रदेशातील झाड आहे. आपल्याकडे ते दुरून येते आणि फार महाग पडते. ज्या मेदाम्लासाठी त्याची ख्याती आहे, तेच मेदाम्ल आपल्या शेंगदाण्यातही मुख्य आहे. म्हणून ज्याला परवडत नाही, त्याने मन छोटे करू नये.

मग या सर्वांतले एक तेल निवडायचे का? आहारतज्ज्ञ सांगतात की एकाच तेलावर राहू नये. प्रत्येक तेलात काही असते आणि काही नसते. एक महिना शेंगदाण्याचे, पुढच्या महिन्यात करडईचे किंवा सूर्यफुलाचे, मध्ये थोडे तिळाचे, असा बदल करत राहावा.

तेल विकत घेताना आणखी एक प्रश्न उभा राहतो. घाण्याचे घ्यावे की रिफाइंड? पूर्वी गावोगावी लाकडी घाणा असे. उर्दूत त्याला कोल्हू म्हणतात. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल त्याच्याभोवती फिरे. नानी सांगायची की त्यांच्या लहानपणी लोक आपल्या घरचे दाणे घेऊन तेल्याकडे जात आणि तेल व पेंड दोन्ही घरी आणत. पेंड म्हणजे खली. ती गुरांना घालत. घाण्यात दाणे हळूहळू दाबले जातात. ते फारसे तापत नाहीत. त्यामुळे तेलाला दाण्याचा वास, रंग आणि चव राहते आणि 'ई' जीवनसत्त्वही बरेच टिकते. कारखान्यात मात्र तेल काढून ते शुद्ध करतात. त्याचा रंग घालवतात आणि दोनशे अंशांहून जास्त तापमानाला वाफेने त्याचा वास काढतात. असे रिफाइंड तेल पुष्कळ दिवस टिकते आणि तापवल्यावर उशिरा धूर सोडते. पण त्यातील काही चांगली द्रव्ये कमी होतात.

घाण्याचे ते सगळे चांगलेच, असेही समजू नका. शेंगदाण्याला बुरशी लागली असेल तर तिच्यातील विष तेलातही उतरू शकते. म्हणून घाण्यावर जाताना दाणे निवडून, काळे आणि बुरसटलेले काढूनच न्यावेत.

भेसळीचे संकट याहून मोठे आहे. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत अनेक लोकांचे पाय सुजू लागले, श्वास लागू लागला. साठाहून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. शोध घेतल्यावर कळले की त्यांनी खाल्लेल्या मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. पिवळा धोतरा तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहिला असेल. त्याची पाने काटेरी आणि फुले पिवळी असतात. त्याच्या बिया काळ्या, बारीक, अगदी मोहरीसारख्या दिसतात, पण त्या विषारी आहेत. म्हणून ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही असे सुट्टे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक, तेलाचे नाव आणि तारीख आहे का, हे वाचून पाहावे. वाचता येणाऱ्या मुलाने आपल्या अम्मीसाठी एवढे तरी नक्की करावे.

पाकिटावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचून भुलू नका. कोलेस्टेरॉल हे प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असते. वनस्पतींच्या तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल. जे मुळातच नाही, ते नाही म्हणून सांगण्यात कसला मोठेपणा?

'वनस्पतीपासून बनलेले' या शब्दांनीही एकदा आपल्याला असेच फसवले आहे. तुमच्या घरातील वडील माणसांना वनस्पती तूप माहीत असेल. लोक त्याला डालडा म्हणत. फ्रान्सचे शास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनी निकेल धातूच्या मदतीने हायड्रोजन कसा जोडता येतो, हे शोधून काढले. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीचे विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच रीत पातळ तेलासाठी वापरली. तापलेल्या तेलातून हायड्रोजन वायू सोडला की साखळीतल्या रिकाम्या जागा भरतात आणि पातळ तेल घट्ट होते. भारतात १९३० नंतरच्या दशकात असे 'तूप' बनू लागले. ते दिसायला तुपासारखे, किमतीला स्वस्त आणि टिकायला उत्तम होते. गरीब घरांत, हॉटेलांत, शादीच्या देगीत सगळीकडे ते पोहोचले. लोकांना वाटले, हे तर झाडापाल्याचेच आहे, अपाय कसला?

परंतु अर्धवट हायड्रोजन भरताना काही साखळ्या वाकड्याच्या सरळ होतात, तरी पूर्ण भरत नाहीत. त्यांना ट्रान्स मेद म्हणतात. हे मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात. म्हणजे हृदयाचे दुहेरी नुकसान. हे पुष्कळ वर्षांनी लक्षात आले. आपल्या देशात त्याचे प्रमाण नियमाने हळूहळू उतरवण्यात आले. २०२१ मध्ये तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स मेद ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे ठरले. १ जानेवारी २०२२ पासून ही मर्यादा २ टक्के झाली. खारी, नानखटाई, बिस्किटे यांच्या पाकिटावर 'हायड्रोजनयुक्त वनस्पती मेद' असे शब्द दिसले तर थोडे थांबून विचार करा. वनस्पतीचे आहे एवढ्यावर कोणतीही वस्तू चांगली ठरत नाही. तिच्यावर पुढे काय केले गेले, हेही पाहावे लागते.

आणि हीच गोष्ट आपल्याला आपल्या कढईकडे घेऊन येते. दुसरा प्रश्न आठवतो ना? तेल तापवले कसे?

प्रत्येक तेल एका ठरावीक तापमानाला धूर सोडू लागते. असा धूर निघाला म्हणजे तेल तुटू लागले, असे समजावे. डोळ्यांना झोंबणारा तो वास तेलाच्या तुटण्यातूनच येतो. तळणासाठी साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस तापमान पुरते. घरी थर्मामीटर नसतो. पिठाचा लहानसा थेंब तेलात सोडावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. अशा तेलात भजी तेल पितात. थेंब चटकन वर येऊन सोनेरी झाला तर तेल योग्य आहे. लगेच काळा पडला तर तेल जास्त तापले आहे. आच कमी करावी.

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले तर ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते. भज्यांचे पाणी, मीठ आणि जळालेले पिठाचे कण त्याला आणखी बिघडवतात. तेल काळे पडते, दाट होते, बोटांना चिकट लागते, त्यावर फेस येतो आणि ते लवकर धूर सोडू लागते. ही सगळी लक्षणे आमच्या त्या डब्यातील तेलात होती. अशा तेलात शरीराला अपायकारक द्रव्ये तयार होतात. २०१८ च्या जुलैपासून आपल्या देशात नियम आहे की तळणाच्या तेलातील अशी बिघडलेली द्रव्ये, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगे, २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल खाण्यासाठी वापरू नये. हा नियम हॉटेलांना आणि कारखान्यांना लागू आहे. घरात तपासायला कोणी येत नाही. तेथे आपले डोळे आणि नाक हेच निरीक्षक.

आमच्या पितळी डब्याचाही यात दोष होता. त्याची कलई उडालेली होती. पितळेत तांबे असते. तांबे आणि लोखंड यांच्या संपर्कात तेल लवकर खवट होते. तळलेले तेल कढईत तसेच ठेवणेही म्हणूनच चुकीचे आहे. तेल काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, झाकण घट्ट लावून, उजेडापासून आणि चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावे. जुन्या तेलात नवे तेल कधीही मिसळू नये. त्याने जुने सुधारत नाही, नवे मात्र बिघडते.

मग एकदा तळून उरलेल्या तेलाचे काय करावे? ते थंड झाल्यावर स्वच्छ कापडाने गाळावे. एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरून संपवावे. पुन्हा तळणाला घेऊ नये. काळे पडलेले तेल मोरीत ओतू नये, कारण त्याने नळी तुंबते. ते जुन्या वर्तमानपत्रांत शोषून कचऱ्यात टाकावे.

येथे एक सावधगिरीची सूचना देते. कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नका. पाण्याची तत्काळ वाफ होते आणि जळते तेल चारही बाजूंना उडते. गॅस बंद करा, कढईवर मोठे झाकण किंवा ताट सरकवून ठेवा आणि दूर व्हा. हवा मिळाली नाही की आग विझते. कढई हलवण्याचा प्रयत्न करू नका.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. खाल्ले किती? हाच प्रश्न डॉक्टरांनी अम्मीला विचारला होता.

हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असावे, असे त्यात सुचवले आहे. म्हणजे चहाचे सुमारे सहा लहान चमचे. यात फोडणीचे तेल आले, तळणाचे आले आणि पोळीवरचे तूपही आले. आता गणित करू. घरात पाच माणसे आहेत. २७ ला ५ ने गुणले तर १३५ ग्रॅम. महिन्याचे ३० दिवस धरले तर ४०५० ग्रॅम. म्हणजे सुमारे चार किलो. एक लिटर तेलाचे वजन किलोपेक्षा थोडे कमी, ९१० ग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा हे झाले साधारण साडेचार लिटर. लहान मुले, कष्टाची कामे करणारे, वृद्ध यांची गरज थोडी कमी-जास्त असेल. पण अंदाज घ्यायला हा आकडा पुरेसा आहे.

लक्षात ठेवा, हे झाले डोळ्यांना दिसणारे तेल. याशिवाय दूध, मांस, दाणे, डाळी आणि धान्य यांतही स्निग्ध पदार्थ असतात. ते दिसत नाहीत, पण पोटात जातात. बाजारातील समोसा आणि फरसाण यांतले तेल तर आपण मोजतच नाही.

यात देशाचाही प्रश्न आहे. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचे तेल रशिया आणि युक्रेनमधून. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही काळ थांबवली. तेव्हा आपल्या गल्लीतील दुकानात तेल महाग झाले. दूरच्या देशातील घटना आपल्या कढईपर्यंत अशी पोहोचते.

सोलापूरहून परतल्यावर अम्मीने काय केले, ते सांगून हा पाठ संपवते. तिने तो पितळी डबा माळ्यावर टाकला. मोठी कढई पाहुण्यांसाठी ठेवली आणि रोजच्यासाठी खोलगट, लहान कढई आणली. लहान कढईत थोडेच तेल लागते. मागे उरते तेही थोडे, आणि ते दुसऱ्या दिवशी फोडणीत संपते. बाटलीतून तेलाची धार सोडण्याऐवजी ती चमच्याने मोजून घालू लागली. सालन शिजल्यावर वर आलेली तर्री ती पळीने अलगद काढून घेई आणि दुसऱ्या भाजीला वापरी. रमजानमध्ये रोजची भजी आठवड्यातून दोनदा झाली. इतर दिवशी खजूर, फळे, उकडलेले हरभरे आणि शेंगदाण्याची चटणी दस्तरखानावर येऊ लागली. सुरुवातीला आम्ही भावंडे कुरकुरलो. महिनाभरात सवय झाली.

नानी हे सगळे पाहत होती. एके दिवशी मी तिला विचारले, "नानी, काळे तेल फेकले तर रिज्क वाया जाते ना?" नानी म्हणाली, "बेटा, आता फेकण्याइतके उरतेच कुठे?"

अल्लाहच्या कृपेने अब्बा आजही आमच्यात आहेत. त्यांनी तंबाखू सोडली, ते रोज चालतात. ते कोणत्या एका गोष्टीने बरे झाले, असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता अम्मीला तोंडपाठ आहे.

मुलांनो, तुमच्या घरी त्या प्रश्नाचे उत्तर कोण देईल? स्वयंपाकघर हे फक्त मुलींचे काम आहे, असे समजून मुलांनी सुटका करून घेऊ नये. आज घरी जा. नवे पाकीट फोडले की त्यावर तारीख लिहून ठेवा. संपले की पुन्हा तारीख लिहा. महिनाअखेरीस बेरीज करा, घरातील माणसांच्या संख्येने भागा, मग ३० ने भागा. जो आकडा येईल तो २७ ग्रॅमशी ताडून पाहा आणि अम्मी-अब्बांना दाखवा. तेवढे गणित तुम्हांला नक्कीच येते.